नोंदी बाहेर काढताना

जुन्या वाचनालयांच्या संगणकात असलेल्या ग्रंथनोंदी बाहेर काढून नव्या प्रणालीत नेऊन बसवणं हे माझं काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते बटण दाबण्याइतकं सोपं वाटतं. 'एक्स्पोर्ट' नावाचं बटण असतंच. ते दाबलं की फाइल मिळते आणि ती दुसरीकडे चढवली की झालं. कार्यकारी मंडळाच्या ठरावातही एवढंच लिहिलेलं असतं: 'जुन्या संगणक प्रणालीतील माहिती नवीन प्रणालीत वर्ग करण्यात यावी.' सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. त्या एका ओळीत किती गोष्टी दडलेल्या असतात ते सविस्तर लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं. हे काम घाईनं उरकलं की काय हातचं जातं, ते मी जवळून पाहिलं आहे.

महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली वाचनालयं कमी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तालुक्याच्या गावांतूनही लोकमान्यांच्या काळात सुरू झालेली, वर्गणीवर आणि देणग्यांवर तगलेली वाचनालयं आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर त्यातल्या अनेकांना अनुदान मिळू लागलं, तपासणी आली आणि त्यासोबत नोंदवह्यांची शिस्तही आली. म्हणजे संगणक येण्याआधीच या नोंदींचा एक मोठा प्रवास झालेला होता. आधी हातानं लिहिलेली दाखल नोंदवही, मग लाकडी खणांतली तालिकापत्रं, मग नव्वदीच्या दशकात डॉसवर चालणारी एखादी प्रणाली, पुढे विंडोजवरची दुसरी, आणि आता बऱ्याच ठिकाणी 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० पासून वापरात असलेली ही मुक्त प्रणाली आज आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि मोठ्या वाचनालयांत रुळली आहे. अशा प्रत्येक मुक्कामावर नोंदीतलं काहीतरी गळतं. माझ्या मते नोंद बाहेर काढणाऱ्याचं पहिलं कर्तव्य हेच, की आपल्या हातून काही गळू नये, आणि गळलंच तर ते कुठे गळलं हे लिहून ठेवावं.

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात फॉक्सप्रोवर चालणारी प्रणाली होती. गावातल्याच एका हुशार मुलानं ती नव्वदच्या दशकात लिहून दिली होती. पुढे तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, प्रणाली मात्र वीस-बावीस वर्षं बिनतक्रार चालत राहिली. नोंदी डीबीएफ फाइलींमध्ये होत्या. हा प्रकार उघडायला सोपा. आजची कितीतरी साधनं तो वाचतात. मी यादी काढली, छापली आणि ग्रंथपालकाकांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी चष्मा वर केला आणि दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं.

"ताई, ही पुस्तकं कुठून आली? यांचं निर्लेखन झालंय. ठराव आहे आपल्याकडे."

"किती आहेत अशी?"

"पुढे बघा की. ही सगळी जीर्ण म्हणून काढलेली. वाळवी लागली होती त्या कपाटाला."

कारण पुढे कळलं. डीबीएफमध्ये नोंद खोडली तरी ती फाइलमधून जात नाही. नोंदीच्या सुरुवातीच्या एका जागेवर फक्त तारांकित खूण पडते आणि प्रणाली ती नोंद दाखवायचं थांबवते. 'पॅक' ही आज्ञा दिल्याशिवाय नोंद खऱ्या अर्थानं पुसली जात नाही, आणि या वाचनालयात ती आज्ञा कधीच दिली गेली नव्हती. आता यादी काढणारं साधन कुठलं यावर सगळं अवलंबून. काही साधनं खूण पाहून नोंद वगळतात, काही त्या खुणेकडे लक्षच देत नाहीत. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वी बाद झालेली पुस्तकं जिवंत पुस्तकांच्या ओळीत येऊन बसली होती. तशीच नव्या प्रणालीत गेली असती, तर सभासदांना ती शोधात दिसली असती आणि काकांना रोज कुणाला ना कुणाला समजावत बसावं लागलं असतं.

सोपा उपाय होता, खूण असलेल्या सगळ्या नोंदी गाळून टाकणं. मला तो पटला नाही. दाखल नोंदवहीत बाद झालेल्या पुस्तकाची ओळ कुणी फाडून काढत नाही. तिच्यावर लाल शाईनं शेरा मारतात, ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहितात, आणि तो दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देत नाहीत. हा जुना आणि शहाणा रिवाज आहे. म्हणून त्या नोंदी आम्ही वेगळ्या काढल्या, 'निर्लेखित' अशी स्थिती लावून नव्या प्रणालीत चढवल्या आणि सभासदांच्या शोधात त्या दिसणार नाहीत अशी सोय केली. उद्या कुणी विचारलं की अमुक पुस्तक या वाचनालयात कधी होतं का, तर उत्तर देता येईल.

त्याच वाचनालयात आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. 'शेरा' नावाच्या रकान्यात एकेकच अक्षर होतं: 'ह', 'बा', 'जी', 'दे'. प्रणालीत त्यांचा खुलासा कुठेही नव्हता. काकांना विचारलं. 'ह' म्हणजे हरवलं. 'बा' म्हणजे बांधणीला पाठवलं. 'जी' म्हणजे जीर्ण, जपून द्यायचं. आणि 'दे'? काका थोडा वेळ गप्प राहिले. गावातल्या एका शिक्षकांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांनी त्यांचा सगळा ग्रंथसंग्रह वाचनालयाला दिला होता. तो एकत्रच ठेवायचा, इतर पुस्तकांत मिसळायचा नाही, असा शब्द तेव्हाच्या कार्यवाहांनी दिला होता. 'दे' म्हणजे ती देणगी. कुठल्याही करारावर नाही, ठरावातही नाही. फक्त त्या एका अक्षरात आणि काकांच्या डोक्यात. काका दोन वर्षांत निवृत्त होणार होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. फाइलीला हात लावायच्या आधी ग्रंथपालांच्या शेजारी बसायचं आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून घ्यायचा. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय लिहिलं गेलं, कुठल्या सालापासून पद्धत बदलली, हे सगळं. संगणक रकान्यातली अक्षरं बाहेर देतो, त्यांचा अर्थ देत नाही. अर्थ देतो तो माणूस, आणि माणूस खुर्चीवर आहे तोवरच तो मिळतो.

आता मराठीच्या खास दुखण्याकडे येते.

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी संगणकात उतरली ती अनेक वाटांनी. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान होतं, मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी होती, आकृती होती. १९९१ चं 'इस्की' हे भारतीय मानकही होतं, पण छपाईच्या आणि कार्यालयांच्या रोजच्या वापरात जो तो आपल्या फाँटच्या आधारे चालला. या फाँटांत अक्षराचा अर्थ साठवलेला नसायचा, आकार साठवलेला असायचा. रोमन लिपीतल्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागी 'क'चा आकार बसवलेला, दुसऱ्या चिन्हाच्या जागी अर्ध्या 'क'चा, तिसऱ्याच्या जागी काना. पडद्यावर तो फाँट लावला की मराठी दिसायची. फाँट काढला की रोमन अक्षरांचा खच.

प्रश्न असा, की फाँट कोणता हे नोंदीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते प्रणालीच्या पडद्याच्या मांडणीत असतं. तुम्ही नोंदी बाहेर काढल्या की तो खच तेवढा हाती येतो. एका ठिकाणी मला पेनड्राइव्हवर अशी फाइल मिळाली आणि सोबत निरोप: जुना संगणक फॉरमॅट करून शाळेला दिला. फाँट त्या संगणकासोबत गेला होता. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या फाँटांतसुद्धा आकारांच्या जागा बदललेल्या असतात, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव कळून भागत नाही. शेवटी छापील ग्रंथयादी आणि फाइल शेजारी ठेवून, एकेका आकाराची जागा शोधत तक्ता तयार करावा लागला. हे टाळणं अगदी सोपं होतं. जुना संगणक हलवण्याआधी त्यातला फाँटांचा फोल्डर आणि प्रणालीचा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवला असता, तर काम झालं असतं.

तक्ता तयार झाला तरी अडचण संपत नाही. या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. रफाराचं उलट: डोळ्यांना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, युनिकोडमध्ये तो त्या अक्षराच्या आधी लिहिलेला असतो. म्हणजे नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रम फिरवावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून फिरवावा लागतो. पु. लं.च्या 'वाऱ्यावरची वरात'नं माझ्या प्रत्येक तक्त्याची परीक्षा घेतली आहे. तिथला 'ऱ्य' चुकला की 'वार्यावरची' होतं, आणि शोधखिडकीत बरोबर शब्द लिहिणाऱ्याला पुस्तक नाही असं उत्तर मिळतं. पुस्तक मात्र कपाटात असतं.

युनिकोडमध्ये आल्यावरही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. 'पॉप्युलर' आणि 'पाॅप्युलर' हे दोन शब्द वाचकाला एकच दिसतात. पहिल्यात 'ॉ' हे एक चिन्ह आहे, दुसऱ्यात काना आणि त्यावर वेगळी चंद्रकोर अशी दोन चिन्हं आहेत. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे प्रकाशक. 'डॉ.'चं तेच, 'ॲ'चं तेच. ओपनरिफाइन नावाचं एक मुक्त साधन आहे, ते सारखी दिसणारी नावं गटागटानं पुढे मांडतं आणि एकत्र करू का म्हणून विचारतं. त्याला मान डोलावण्याआधी प्रत्येक गट मी स्वतः वाचते. दोन पिढ्यांतले एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षरांचे लेखक आपल्याकडे आहेत, त्यांना यंत्राच्या भरवशावर एक करून टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सीएसव्ही हा नोंदी देण्याघेण्याचा सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार. प्रत्येक नोंदीची एक ओळ, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. ग्रंथालयात मात्र लेखकाचं नावच 'देशपांडे, पु. ल.' असं लिहायची रीत. त्या स्वल्पविरामानं नाव दोन रकान्यांत फुटतं आणि पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. प्रकाशकाच्या जागी पुस्तकाचं नाव, किमतीच्या जागी प्रकाशक. यावर उपाय म्हणून असा मजकूर अवतरणचिन्हांत घालतात, २००५ मध्ये लिहिल्या गेलेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात तो नियम स्पष्ट आहे. पण जुन्या प्रणाली तो पाळतातच असं नाही. मी शक्यतो स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरते, कारण ग्रंथनामात टॅब सहसा सापडत नाही.

आणि मग ती फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडतं. ही जागा खरोखर धोक्याची आहे. दोनदा टिचकी मारून फाइल उघडली की एक्सेल आपल्या समजुतीनं मजकूर बदलतं आणि तसं केल्याचं सांगत नाही. बारकोडच्या सुरुवातीची शून्यं जातात. तेरा आकडी आयएसबीएन घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि तसाच पुन्हा सीएसव्हीत साठवला तर शेवटचे आकडे कायमचे जातात. युटीएफ-८ मधली मराठी ओळखली गेली नाही तर तिच्या जागी टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं येतात. आपल्याकडे एक वेगळाच प्रकार घडतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्यापूर्वीच्या पुस्तकांची किंमत रुपये-आणे अशी लिहिलेली असते. दाखल नोंदवहीत '२-८' म्हणजे दोन रुपये आठ आणे. ते जसंच्या तसं संगणकात घातलेलं असलं, तर एक्सेल त्याची २ ऑगस्ट करतं. अडीच रुपयांचं पुस्तक, त्याच्या किमतीच्या रकान्यात तारीख.

कुणाला वाटेल, छोट्या गावातल्या वाचनालयाच्या या किरकोळ अडचणी. तसं नाही. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च-१', 'सेप्ट-१' यांसारख्या संक्षेपांच्या एक्सेल तारखा करून टाकत होतं आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत चुका पसरत होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलींत भरल्या जात होत्या, आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना निरोप जायला उशीर झाला. एका यंत्रणेतून नोंद काढून दुसरीला देणं, एवढंच ते काम होतं.

सालाचा रकाना आमच्या कामात सगळ्यात फसवा. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके छापलेला असतो. 'शके १८४९' पाहून नोंद करणाऱ्यानं फक्त १८४९ एवढंच लिहिलेलं असतं, कारण त्याला ते शके असल्याचं ठाऊकच होतं. नव्या प्रणालीत तो आकडा इसवी सन म्हणून बसतो आणि १९२७ सालचं पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी मागे जातं. उद्या एकोणिसाव्या शतकातली मुद्रितं शोधणारा अभ्यासक एसटीनं धूळ खात त्या गावी येईल आणि त्याच्या हाती भलतंच पुस्तक पडेल. म्हणून १८०० ते १८९९ मधली सालं असलेली प्रत्येक नोंद मी बाजूला काढते आणि पुस्तक हातात घेऊन तपासायला लावते. शंकर गणेश दात्यांची १८०० ते १९३७ या काळातली मराठी ग्रंथसूची अशा वेळी फार उपयोगी पडते. नोंदीत पुस्तकावर छापलेला शके तसाच ठेवून शेजारी चौकटी कंसात इसवी सन द्यावा.

लेखकाचा रकाना सोडवायलाही वेळ लागतो. जुन्या प्रणालीत लेखकासाठी एकच जागा, त्यामुळे अनुवादक, संपादक, संकलक सगळे तिथेच: 'अनु.', 'संपा.', 'संक.' असे कंस लावून. अनुवादित पुस्तकाचा मूळ लेखक बऱ्याचदा नोंदीतच नसतो. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर या जोड्या ग्रंथपालाला पाठ असतात. नव्या प्रणालीला त्या शिकवाव्या लागतात.

ग्रंथालयांनी आपसांत नोंदी देण्याघेण्याची एक जुनी रीत आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी 'मार्क' ही रचना उभी केली. तेव्हा नोंदी चुंबकीय फितींवर जात. तिच्यावर आधारलेलं आयएसओ २७०९ हे मानक आजही चालतं. नोंदीच्या सुरुवातीला २४ जागांचं शीर्षक, मग प्रत्येक घटकासाठी १२ जागांची अनुक्रमणिका: तीन जागा घटकाच्या क्रमांकाला, चार त्याच्या लांबीला, पाच तो कुठे सुरू होतो त्याला. २४५ म्हणजे ग्रंथनाम, १०० म्हणजे लेखक, ०८२ म्हणजे ड्यूई वर्गांक. युनेस्कोची सीडीएस-आयसिस प्रणाली आपल्याकडे 'निस्सात' या सरकारी माहिती-यंत्रणेमार्फत अनेक ग्रंथालयांत पोचली, तीही याच रचनेत नोंदी बाहेर द्यायची. मात्र ती दर ऐंशी अक्षरांवर ओळ मोडायची आणि घटक संपल्याची खूण म्हणून '#' वापरायची. हे ठाऊक नसलेल्या प्रणालीत अशी फाइल घातली की पहिल्याच नोंदीवर ती थांबते.

इथे मराठीचा आणखी एक पेच आहे. अनुक्रमणिकेतली लांबी बाइटांत मोजायची असते. 'मराठी' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत, पण युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे पंधरा. नोंद तयार करणाऱ्या प्रणालीनं चिन्हं मोजून पाच लिहिले आणि वाचणाऱ्या प्रणालीनं पाच बाइट वाचले, तर शब्द दुसऱ्याच अक्षराच्या मध्यावर तुटतो आणि पुढचं सगळं घसरतं. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी बिनबोभाट पार पडतात, मराठी तेवढ्या मोडतात, आणि मग 'मराठीला ही प्रणाली चालत नाही' असं लोक म्हणू लागतात. प्रणाली चालते. मोजणाऱ्यानं नीट मोजलेलं नसतं.

अर्धशतकापूर्वी ठरलेली रचना मला आज वाचता येते, आणि पंधरा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या प्रणालीतल्या नोंदी काढता येत नाहीत, असा अनुभव मी घेतला आहे. एका वाचनालयानं देणग्या गोळा करून प्रणाली घेतली होती. तिच्यात छापील अहवाल निघायचे, पण नोंदी बाहेर देण्याची सोय नव्हती. डेटाबेसला परवलीचा शब्द, आणि तो फक्त विक्रेत्याकडे. वाचनालयानं पत्रं पाठवली, फोन केले. आधी जास्तीचे पैसे मागितले गेले, पुढे फोन उचलणंही बंद झालं. हजारो पुस्तकांच्या नोंदी ग्रंथपालांनी आणि त्यांच्या मदतनीस बाईंनी संध्याकाळी थांबून थांबून भरलेल्या, आणि त्यांच्यावर हक्क मात्र विकणाऱ्याचा. शेवटी आम्ही दाखल नोंदवहीचा अहवाल कागदाऐवजी फाइलमध्ये छापला, नुसत्या मजकुराचा प्रिंटर निवडून, आणि त्यातून ओळी तोडून रकाने पुन्हा उभे केले. अहवालात जे छापलं जात होतं तेवढं वाचलं. विषय, मालिका, आवृत्ती, टिपा यांवर पाणी सोडावं लागलं. ते सगळं त्या संगणकात अजूनही आहे. आम्हाला मिळत नाही, एवढंच.

ही माझ्या मते उघड अडवणूक आहे. नोंदी वाचनालयाच्या आहेत. प्रणाली विकत घेताना त्या पूर्णपणे बाहेर मिळतील, कुठल्या रचनेत मिळतील आणि रकान्यांचा खुलासा सोबत मिळेल, हे करारात लिहून घ्यायलाच हवं.

काम झालं की नाही हे ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. नोंदींची संख्या जुळली पाहिजे, हे तर झालंच. शिवाय दर वर्षाच्या दाखल पुस्तकांच्या किमतीची बेरीज नव्या प्रणालीतून काढायची आणि नोंदवहीच्या पानाखाली शाईनं लिहिलेल्या बेरजेशी ताडायची. पानाखालची बेरीज त्या काळच्या ग्रंथपालानं केलेली आणि तपासनिसांनी सही केलेली असते. ती जुळली की मला धीर येतो. मग कपाटातून कुठलीही पुस्तकं उचलायची आणि प्रणालीत शोधायची. नंतर उलट, प्रणालीतून नाव घेऊन कपाटात शोधायचं. कोहात नोंदी आधी तात्पुरत्या चढवून पाहता येतात आणि बिघडलं तर तो गठ्ठा मागे घेता येतो. ती सोय वापरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सभासदांच्या नोंदींबद्दल एक सांगायलाच हवं. पुस्तकांची यादी जगाला दाखवायची असते, सभासदांची नाही. नाव, पत्ता, फोन, अनामत रक्कम आणि कुणी कधी कोणतं पुस्तक नेलं याचा इतिहास, हे सगळं एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर फिरवणं मला मान्य नाही. अनामत रकमेचा हिशोब नेला पाहिजे, कारण ते लोकांचे पैसे आहेत. कुणी काय वाचलं हा इतिहास नेण्याची गरज नसते. चालू देवघेव तेवढी न्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं आता ही जबाबदारी स्पष्ट केली आहे, पण कायदा नसता तरी वाचकाच्या विश्वासासाठी हे पाळायला हवं होतं.

तुम्ही एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असाल, तर माझी विनंती आहे. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. आपल्या प्रणालीतल्या सगळ्या नोंदी, युनिकोड मराठीत, सीएसव्ही आणि मार्क अशा दोन्ही रचनांत बाहेर काढून मागा. त्या दुसऱ्याच संगणकावर, जिथे ती प्रणाली नाही तिथे, मजकूर संपादकात उघडून पाहा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पानावरची दहा-दहा पुस्तकं दाखल नोंदवहीशी ताडा. दरवर्षी मार्चअखेर हे करा. आणि तुमचे ग्रंथपाल निवृत्तीला आले असतील, तर त्यांचा सत्कार करण्याआधी त्यांच्याजवळ बसून प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून घ्या.